सतरा नंबरच्या पुड्या

१

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर चौऱ्याऐंशी रिकाम्या पुड्या ओतल्या आणि म्हणाल्या, "ही बघा, खोटारडेपणाची रास."

पुड्या रुपेरी, बोटभर लांब, आणि प्रत्येकीवर छापलेला एकच आकडा : १७.

आमच्या दवाखान्यात तेव्हा एक अभ्यास चालू होता. वजन फार वाढलेली चाळीस माणसं, बारा आठवडे, रोज सकाळी कोमट पाण्यातून एक पुडी. निम्म्यांच्या पुडीत फायबर आणि निम्म्यांच्या पुडीत साधी पूड, रंगाने आणि चवीने अगदी तशीच. कोणाला काय मिळतंय हे घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. हे फायबर आपल्याला पचत नाही. ते तसंच मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथल्या चांगल्या जंतूंचा चारा होतं. जंतू पोसले की त्याचा रक्तातल्या साखरेला, यकृताला, एकूण तब्येतीला फायदा होत असावा, असा अंदाज. तो खरा की खोटा हे बघायला अभ्यास.

आदल्या दिवशी कोणाला काय मिळालं त्या यादीचा बंद लिफाफा उघडला होता. फायबर मिळालेल्या वीसपैकी एकोणीस जणांचे चांगले जंतू वाढले होते. एकीचे जिथल्या तिथे. ती सतरा नंबरची, शिवणकाम करणारी बाई.

"पूड घेतलीच नाही तिने," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुड्या कशा कापल्यात बघा. एकूण एक झिगझॅग कात्रीने. सकाळी झोपेत पुडी उघडणारं माणूस कशीही फाडतं. हे एका दुपारी बसून केलेलं काम आहे. शिवाय सूचनापेटीत ही चिठ्ठी होती."

चिठ्ठीत एवढंच : '१७ नंबर पूड बेसिनमध्ये ओतते आणि दिवसभर लपून खाते. कारवाई करा.' टपोरं अक्षर, आणि सातचं शेपूट खाली लांब ओढलेलं.

"खाण्याबद्दल सगळेच खोटं बोलतात," डॉक्टरीणबाईंनी पेनचं टोपण काढलं. "मी तिच्या फाइलवर लिहिते आहे. सूचना पाळत नाही, खोटी माहिती देते."

ती फाइल पुढे हाडांच्या डॉक्टरांकडे जाणार होती. सतरा नंबरचे दोन्ही गुडघे गेलेले होते. ऑपरेशननंतर सहा महिने सांगितलेलं तंतोतंत पाळावं लागतं, तेव्हा आमच्या दवाखान्याचा चांगला शब्द आल्याशिवाय हात लावणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. म्हणजे या दोन ओळी लिहिल्या की ऑपरेशन गेलं.

माझं काम अभ्यासाच्या नोंदी तपासण्याचं. लोकांवर विश्वास न ठेवणं हीच माझी नोकरी, आणि ती मी तीस वर्षं इमानाने केली आहे. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मलाही पटलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी उगाच शहाणी वाटेन.

फक्त चिठ्ठी खाली ठेवताना एक गोष्ट खटकली.

"डॉक्टर, आपल्याकडे माणसाला स्वतःचाच नंबर ठाऊक असतो. दुसऱ्याचा नाही. मग या बाईचा नंबर सतरा, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला कसं कळलं?"

"स्टाफपैकी कोणी लिहिली असेल."

"स्टाफला पेटी कशाला लागते? ते तुमच्या खोलीत येऊन सांगतील. नंबर आणखी एकाच जागी छापलेला आहे, पुड्यांवर आणि त्यांच्या खोक्यावर. आणि खोकं असतं तिच्या घरी."

डॉक्टरीणबाईंनी टोपण परत लावलं. "दोन दिवस देते," त्या म्हणाल्या.

२

पुढच्या खोलीत मशीन, मागे स्वयंपाकघर, मधे अर्धवट शिवलेल्या कपड्यांचा ढीग. गिऱ्हाइकं तिला शिवणताई म्हणत. मला बघून ती उठायला लागली. एकदा टेबलाला धरून, एकदा मशीनला धरून, एकदा नुसत्या हिमतीवर.

"बसा ना तुम्ही," मी म्हटलं.

"उठायला सुरुवात केलीय, आता मधेच सोडता येत नाही," ती हसून म्हणाली.

मी फॉर्म काढला. बारा आठवड्यांपूर्वी भरलेलाच होता, मी नुसता पडताळून घेत होते. घरात कोण कोण, या रकान्याशी आले.

तिने दोरा दातांनी तोडला. "एकटी. मी आणि ही मशीन."

"पूड कधी घेत होतात?"

"सकाळी सात वाजता. एक दिवस चुकला नाही."

"पुड्या उघडायला त्रास झाला का?"

"छे, कसला त्रास." मग तिने हातातलं काम खाली ठेवलं. "मॅडम, मला कळलंय तुम्ही कशाला आलात. मी पूड ओतून दिली असं म्हणतायत ना? लहानपणापासून हेच ऐकतेय. मी एवढंच खाते म्हटलं की समोरचा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग पोटाकडे. तुमच्या डॉक्टरीणबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, तुम्ही लिहाल ते आम्ही खरं धरू. घरी येऊन रडले मी. बारा आठवडे वहीत अक्षरन् अक्षर खरं लिहिलं."

तिच्या नजरेला नजर देणं मला जड गेलं, म्हणून मी इकडेतिकडे बघायला लागले. कपाटावर मापांची वही उघडी होती. छाती, कंबर, बाही, सगळी मापं टपोऱ्या, सुबक अक्षरात. फॉर्मवरची हिची सही मात्र वेडीवाकडी, ओळ सोडून चाललेली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन पेले धुऊन उपडे घातले होते.

खिळ्यावर झिगझॅग कात्री लटकत होती. मी ती काढली, टेबलावरचा एक कागदाचा कपटा उचलला आणि कापणार तोच ती म्हणाली, "ठेवा ती खाली."

इतका वेळ मऊ असलेला आवाज एकदम बदलला होता.

"कापडाच्या कात्रीला कागद लावायचा नाही. धार जाते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्या दिवशी हेच सांगते. शिलाई चुकली तर उसवता येते, कात्री बिघडली की बिघडली." तिने कात्री माझ्या हातातून घेऊन पुसली. "हल्ली कशी कोण जाणे, बोथट झालीय. एक दातही मोडलाय. आईची कात्री आहे ही."

मी पर्समधून एक रिकामी पुडी काढली आणि हळूच पात्याशी धरली. पुडीच्या कडेवर दात, दात, दात आणि मग एक सपाट जागा. पात्यावर दात, दात, दात आणि मग मोडलेला. दोन्ही एकमेकांना बरोबर बसत होते.

पुड्या या कात्रीनेच कापलेल्या होत्या. आणि जी बाई कागदाला कात्री लावू देत नाही, ती चौऱ्याऐंशी वेळा चकचकीत पत्र्यासारख्या पुडीला लावेल, हे मला काही केल्या पटेना.

३

आमच्या प्रयोगशाळेतल्या माणसाला सगळे 'उणे ऐंशी' म्हणतात. शौचाचे नमुने ज्या फ्रीजरमध्ये ठेवतात त्याचं तपमान तेवढं असतं, आणि त्याचा स्वभावही फारसा वर नाही.

"नमुन्यांची अदलाबदल?" तो म्हणाला. "मॅडम, चाळीस माणसांच्या चार-चार डब्या मी स्वतःच्या हाताने लावल्यात. माझी पोरं एकमेकांत हरवतील, डब्या हरवणार नाहीत."

"मग सतरा नंबरच्या चारही डब्यांचं सांगा. फक्त शेवटचीचं नको."

त्याने संगणकावर आकडे काढले. सुरुवातीचा नमुना, दहाव्या दिवसाचा, सहाव्या आठवड्याचा, बाराव्याचा. दहाव्या दिवशी सतरा नंबरचे चांगले जंतू छान वाढलेले होते. सहाव्या आठवड्यात परत खाली.

"म्हणजे पहिले दहा दिवस घेतलं बाईने," तो म्हणाला. "मग सोडलं."

"किंवा मग मिळेनासं झालं."

डाएटिशियन शेजारीच होती. तिच्याकडे सगळ्यांच्या रोजच्या वह्या असत. मी सतरा नंबरची उघडली. पहिल्या दहा दिवसांत जवळजवळ रोज : 'पोट फुगलं. गॅस. गिऱ्हाइकासमोर फजिती.' अकराव्या दिवशी काही नाही. बाराव्या दिवशी काही नाही. शेवटपर्यंत कोरं.

"फायबर सुरू केल्यावर पोटात गडबड होते," डाएटिशियन म्हणाली. "तसं मी पहिल्याच सभेत सगळ्यांना सांगितलं होतं. पण ती हळूहळू कमी होते. अशी नळ बंद केल्यासारखी थांबत नाही."

"आणि पुड्यांबद्दल तक्रारी?"

"विचारू नका. हाताने फाटत नाहीत, दाताने फाटत नाहीत, एकाने दात पडल्याचं लिहिलंय. जवळजवळ सगळ्यांनीच शिव्या घातल्यात."

सतरा नंबर मात्र मला म्हणाली होती, कसला त्रास. खोटं बोलणाऱ्या माणसाला पुडी उघडण्याचा त्रास ठाऊक असतो, कारण ओतून द्यायलाही ती उघडावीच लागते. हिने पुडी कधी उघडलीच नव्हती. तिच्या हातात येत होता तो भरलेला पेला. तिच्यासाठी रोज सकाळी कोणीतरी तो करत होतं, आणि ते कोण हे ती जीव गेला तरी सांगणार नव्हती.

"उणे ऐंशी, मला उलटा माणूस शोधून द्या," मी म्हटलं. "साधी पूड मिळालेला. पहिले दहा दिवस जंतू गप्प, आणि नंतर वाढलेले."

तो चपापला. "एक आहे. एकतीस नंबर. आम्ही म्हटलं, भाज्या-कडधान्यं भरपूर खात असेल."

एकतीस नंबरची वही डाएटिशियनने आधीच उघडली होती. दहा दिवस कोरे. बाराव्या दिवशी, सुबक टपोऱ्या अक्षरात : 'पोट फुगलं.'

रिकाम्या पुड्या आमच्याकडे मोजतात, बघत कोणी नाही. मी कोठीत जाऊन एकतीस नंबरची पिशवी जमिनीवर उलटी केली. दात, दात, दात आणि मग सपाट जागा.

४

एकतीस नंबर चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. तिशीची, गोड चेहऱ्याची. ती मला ओळखत नव्हती, पण दवाखान्यातून आले म्हटल्यावर तिने स्टूल पुढे केलं आणि आपणहून सांगायला लागली.

"मला खूप फरक पडलाय, मॅडम. साखर उतरली. पोटाचा घेर चार बोटं कमी. पुढच्या वर्षभराच्या देखरेखीसाठी मला घ्याल ना? फरक पडलेल्यांनाच घेणार म्हणतात."

"पुड्या कशाने उघडत होतात?"

"अं, घरातल्या साध्या कात्रीने." डोळे काउंटरच्या काचेकडे गेले.

"अभ्यासातलं आणखी कोणी ओळखीचं?"

"कोणीच नाही. आपण आपल्या नंबरापुरते."

मी चष्म्याची एक दोरी विकत घेतली. मला तिची गरज नव्हती, पावतीची होती. तिने तारीख लिहिली. सतरा तारीख होती. सातचं शेपूट लांब, खालच्या रेघेपर्यंत ओढलेलं.

पावती मी घडी करून पर्समध्ये टाकली. राग आला होता. इतकी वर्षं मी खोट्या नोंदी बघत आले आहे. पण रोज सकाळी पेला हातात देणारा आणि त्याच हाताने चिठ्ठी लिहिणारा माणूस मी पाहिला नव्हता.

फॉर्मवर तिचा पत्ता होता. मी तिथे गेले. एका वृद्ध बाईने दार अर्धंच उघडलं.

"ती? दीड वर्ष झालं, इथे नसते," ती म्हणाली. "माझ्या मुलाचं आणि तिचं जमलं नाही. बघून पसंत केली तेव्हा एवढं वजन नव्हतं, असं त्याचं म्हणणं. मी काही बोलले नाही."

"मग राहते कुठे?"

"मोठ्या बहिणीकडे. आई गेल्यापासून तिनेच वाढवली हिला. कपडे शिवते ती. बिचारीचे गुडघे गेलेत बघा."

दार लागलं. मी पायऱ्या उतरले आणि आमच्या अभ्यासाचा तिसरा नियम आठवला. एका घरातून एकच माणूस. दोघं असली की पुड्यांची सरमिसळ होते, म्हणून. शिवणताई एकटी राहते असं लिहून का देत होती ते आता कळलं. तिने आम्हाला एकच खोटं सांगितलं होतं, आणि ते धाकटीची जागा जाऊ नये म्हणून.

५

दोघींना एकाच वेळी बोलावलं. शिवणताई आधी आली होती. धाकटी आत आली तेव्हा मोठीच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड पडला आणि तिने तो लगेच पुसून टाकला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही दोघी एकमेकींना ओळखता?"

"नाही," शिवणताई म्हणाली.

"नाही," धाकटी म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. "म्हणजे बाहेर बाकावर बघितलंय यांना. सारखं तोंड चालू असतं."

शिवणताईने मान वर केली. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

मी दोन पुड्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. १७ आणि ३१. "दोन्हींच्या कडा बघा. एकाच कात्रीच्या, एकाच मोडक्या दाताच्या."

शिवणताईने दोन्ही पुड्या उचलून उजेडात धरल्या. शिलाई बघावी तशी कड बघितली. तिला काय दिसलं ते तिलाच ठाऊक, पण ती शांतपणे म्हणाली, "मीच कापल्या. पूड मीच ओतली. लिहा फाइलमध्ये काय लिहायचं ते."

"ठीक आहे." मी तिच्याकडूनच मागवून घेतलेली कात्री पुढे सरकवली आणि एक न उघडलेली पुडी दिली. "एक कापून दाखवा. चौऱ्याऐंशी कापल्यात, ही पंच्याऐंशीवी."

तिने कात्रीत बोटं घातली. पुडी पात्यांमधे धरली. हात तिथेच राहिला. तिने परत प्रयत्न केला. जन्मभराची शिस्त होती ती, बहिणीसाठी सुद्धा मोडेना. शेवटी तिने कात्री टेबलावर ठेवली आणि पात्यावरून अंगठा फिरवला.

मग मी सगळं सांगितलं. पहिल्या सभेत डाएटिशियन म्हणाली, खऱ्या पुडीने पोट फुगेल. घरी मोठीचं फुगलं, धाकटीचं नाही. धाकटीला कळलं खरी कोणाकडे आहे. मोठीचे गुडघे दुखतात म्हणून सकाळचे दोन्ही पेले पहिल्या दिवसापासून धाकटीच करत होती. दहा दिवस तिने ते सरळ केले. अकराव्या दिवशी सतराची पुडी स्वतःच्या पेल्यात रिकामी केली आणि एकतीसची ताईच्या. रिकाम्या पुड्या मात्र आपापल्या पिशवीत. पोटातला गॅस एका वहीतून दुसऱ्या वहीत गेला, जंतूही गेले. आम्ही नंबर बघत होतो, घर बघत नव्हतो, म्हणून आम्हाला दिसलं नाही.

"कात्रीचं तुम्हाला एवढं वाटत असेल असं हिला कधी वाटलंच नाही," मी म्हणाले. "हाताशी होती, वापरली."

डॉक्टरीणबाई पेन हातात फिरवत राहिल्या. धाकटी रडायला लागली होती.

"ताई, तुला काय फरक पडणार होता? तू असतेस तशी मजेत असतेस. तुला कोणी घराबाहेर नाही काढलं. मला एकदा, एकदाच, या शरीरातून बाहेर पडायचं होतं."

"चिमणे," शिवणताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "मागितली असतीस तर दिली असती. तुला कधी नाही म्हटलंय? तू पेला घेऊन यायचीस ना, तेव्हा मला वाटायचं, एवढं सोसून पोरगी माझी सेवा करते. देवाला सांगायचे मी, हिचं भलं कर."

मला वाटलं, इथेच थांबावं. चिठ्ठी माझ्या फाइलमध्ये होती. ती न दाखवताही बाईवरचा आळ निघाला असता. पण डॉक्टरीणबाईंना तेवढी समज नव्हती. त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली. "आणि ही?"

शिवणताईने चिठ्ठी वाचली. मापांच्या वहीतलं अक्षर ती रोज वाचत होती. लपून खाते, या शब्दांवर तिचं बोट थांबलं.

"ही का लिहिलीस?"

धाकटीने मान खाली घातली. "शेवटचे नमुने बघून ते घरी तपासायला आले असते. तुला आधीच काढून टाकलं असतं तर कोणी आलं नसतं."

"मग मला सांगायचंस." पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. "मी स्वतः येऊन म्हटलं असतं, हो, मी ओतते. तुझ्यासाठी तेही म्हटलं असतं. पण हे लपून खाण्याचं तू लिहायला नको होतंस. जगात एकच माणूस होतं ज्याला ठाऊक होतं मी काय खाते."

यालाच केसाने गळा कापणं म्हणतात. धाकटी काहीतरी बोलत होती, पण शिवणताईने कात्री उचलून पदराने पुसली, एका फडक्यात गुंडाळली आणि तीनदा धरून धरून उभी राहिली. कोणीही मदतीला हात पुढे केला नाही. मी सुद्धा नाही, आणि ते मला अजून लागतं.

६

नियमाप्रमाणे सतरा आणि एकतीस, दोन्ही नंबर अभ्यासातून वगळले. वर्षभराची देखरेख दोघींनाही मिळाली नाही. हाडांच्या डॉक्टरांना पत्र मात्र डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं. 'या बाईंना जे दिलं गेलं ते त्यांनी एकही दिवस न चुकता घेतलं. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा.' शेवटचं वाक्य मी सांगितलं होतं. त्यांनी नाक मुरडलं, पण लिहिलं.

पत्र द्यायला आठवड्याने मी गेले. सकाळचे सात-सव्वासात झाले होते. शिवणताई ओट्याला टेकून पाणी कोमट करत होती. ओट्यावर एकच पेला होता. मापांची वही उघडी होती, आणि नवी मापं वेड्यावाकड्या अक्षरात ओळ सोडून चालली होती. खिळ्यावर कात्री नव्हती.

"धार लावायला दिलीय," माझी नजर बघून ती म्हणाली. "दात काही परत येणार नाही म्हणाला धारवाला. तरी कापडाला चालेल."

तिने पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग घडी करून मशीनच्या खणात ठेवलं आणि खण बंद करून त्यावर थोडा वेळ हात ठेवला. पुढच्या महिन्याची तारीख मिळेल, असं मी सांगितलं. तिने मान हलवली.

"ऑपरेशननंतर जवळ कोणी लागेल," मी म्हटलं.

"शिकायला येणाऱ्या पोरी आहेत. बघू."

धाकटी कुठे गेली ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

एक काम राहिलं होतं. वगळलेल्या माणसाचाही फॉर्म दुरुस्त करून जमा करावा लागतो. चुकीची नोंद खोडायची, खरी लिहायची, शेजारी तारीख टाकायची. मी फॉर्म टेबलावर पसरला आणि 'घरात कोण कोण' या रकान्याशी पेन टेकवलं.

"इथे त्या वेळी तुम्ही एकटी असं लिहिलं होतं," मी चाचरत म्हणाले. "ते मला दुरुस्त करावं लागेल."

पाण्याला वाफ आली होती. शिवणताईने गॅस बंद केला, पेला भरला आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "काय लिहिलंय ते वाचा."

"एकटी."

"मग दुरुस्त काय करायचंय?"

मी पेन उचललं. काही खोडलं नाही. खाली फक्त आजची तारीख टाकली.